एका बाटलीत सव्वा किलो

सुरुवातीलाच कबुली देऊन टाकते. रेक्टर मॅडम, हा लेख तुम्ही वाचणार हे मला माहीत आहे. गेल्या फेब्रुवारीत फेस्टच्या दुसऱ्या दिवशी जी सुट्टी मिळाली, त्या दिवशी आम्ही दोघी दोन वाईन शॉपमध्ये गेलो होतो हे खरं आहे. एक थेंबही प्यायलो नाही हेही तितकंच खरं आहे. बाकी जे काही पोटात गेलं ते सगळं खाण्याचं होतं. रजिस्टरमध्ये 'बाहेर जाण्याचं कारण' या रकान्यात मी 'लोकल गार्डियन' असं लिहिलं होतं, ते मात्र साफ खोटं. सॉरी.

दुसरी कबुली माझ्या मराठीची. मी कॉन्व्हेंटची. आमच्या शाळेत मराठीत बोललं की दंड भरावा लागायचा, त्यामुळे माझी मराठी घरी आजीजवळ, रिक्षात आणि आता हॉस्टेलच्या मेसमध्ये झालेली आहे. ऱ्हस्व-दीर्घ संपादकांनी सुधारलंय. उरलेल्या चुका माझ्या.

आमच्या विंगमध्ये नावाने कोणी कोणाला हाक मारत नाही, गावाने मारतात. मी 'पुणे'. समोरच्या खोलीत 'लातूर' आणि 'रत्नागिरी' राहतात. त्यांचं भांडण झालं की आकाशवाणीच्या बातम्या ऐकल्यासारखं वाटतं. माझी रूममेट 'निफाड', जिल्हा नाशिक, मेकॅनिकल. फर्स्ट इयरच्या पहिल्याच आठवड्यात मेसमध्ये ओळखी चालल्या होत्या. कोणाचे वडील बँकेत, कोणाचे शिक्षक. निफाड म्हणाली, "आमची द्राक्षबाग आहे." सगळ्या ओरडल्या, मग पेटी आण की! ती म्हणाली, "ती खायची नाहीत, वाईनची आहेत." आणि मी, पुण्याची अतिशहाणी, मोठ्यांदा म्हणाले, "म्हणजे तुझे बाबा दारू बनवतात?"

अख्खं टेबल हसलं. ती हसली नाही. चार दिवस माझ्याशी बोलली नाही. नंतर बोलायला लागली, जर्नल कॉपी करायला द्यायला लागली, वायवाच्या आदल्या रात्री मला हीट ट्रान्सफर समजावून सांगायला लागली (मी ईएक्सटीसीची असूनही, मला झोप येत नव्हती म्हणून). पण बागेबद्दल दोन वर्षं चकार शब्द नाही. तिचे आजोबा माळकरी आहेत, निवृत्तिनाथांच्या पालखीबरोबर त्र्यंबकेश्वरहून पंढरपूरला पायी जातात, हे मला सहा महिन्यांनी कळलं. त्यांच्या घरात 'वाईन' हा शब्दच कोणी उच्चारत नाही. 'कंपनीचा माल' म्हणतात.

तर फेस्टच्या शेवटच्या रात्री ती जिन्यात बसून बराच वेळ फोनवर बोलत होती. खोलीत आली, दिवा बंद केला आणि अंधारात म्हणाली, "पुणे, उद्या माझ्यासंगं वाईन शॉपला येती का?"

मी उठून बसले.

मग रात्री दीड वाजेपर्यंत, दोन वर्षांचं साठलेलं सगळं बाहेर पडलं. तिच्या वडिलांची (ती त्यांना दादा म्हणते) तीन एकर वाईनची बाग आहे. एका कंपनीशी पाच वर्षांचा करार होता, किलोला चाळीस रुपये. तो या हंगामाबरोबर संपत होता. कंपनी म्हणत होती, पुढची पाच वर्षं छत्तीस रुपये. मालाला उठाव नाही, गोडाऊन भरलेलं आहे, परवडत नाही. दादा चव्वेचाळीस मागत होते. महिनाअखेर उत्तर द्यायचं होतं, आणि नाहीच जमलं तर एप्रिलच्या छाटणीच्या वेळी बाग मोडायची की खायच्या द्राक्षाचं कलम मारायचं, हे ठरवायचं होतं. कंपनीचं नाव मी इथे लिहीत नाही.

दादांनी आयुष्यात कधी ती बाटली पाहिलेली नव्हती. माल क्रेटमध्ये भरून ट्रॅक्टरने गेटपर्यंत जातो, वजन होतं, साखर तपासतात, पावती मिळते. पुढे काय होतं ते गेटच्या आत. म्हणून ते मुलीला म्हणाले होते, "तिकडं मुंबईत दुकानं असतील. बघ जरा, आपली बाटली कितीला विकू राहिले."

माझी समजूत अशी होती की द्राक्ष ते द्राक्ष. चुकली तर खायची, जास्त झाली तर वाईन. निफाडने अंधारातच हात जोडले असावेत. खायचं द्राक्ष म्हणजे थॉम्पसन, सोनाका वगैरे; मोठं, पातळ सालीचं, बिनबियांचं. त्याचे घड विरळ करायचे, मणी फुगवायला जी.ए.च्या औषधात एकेक घड बुडवायचा, मजूर मोजून थकायला होतं. वाईनचं द्राक्ष म्हणजे शेनिन ब्लां, सोव्हिन्यों ब्लां, शिराझ, कॅबर्ने. (दादा 'शेनीन' म्हणतात आणि तेच बरं वाटतं.) मणी लहान, साल जाड, आत बिया. खाऊन बघितलं तर कोणी दुसरं उचलणार नाही. पण साखर २२–२३ ब्रिक्सपर्यंत जाते. फुगवायचं नसतं, उलट लहानच हवं असतं. खर्च कमी, आणि मुख्य म्हणजे दर आधी ठरलेला. खायच्या द्राक्षाला ऐन काढणीत अवकाळी पाऊस आला की मणी तडकतात. पाऊस नाही आला तर व्यापारी माल उचलून गायब होतो, असंही गावात झालेलं आहे. म्हणून दादांनी वाईनची बाग लावली होती.

यात सरकारचाही हात आहे. २००१ साली महाराष्ट्राने द्राक्ष प्रक्रिया उद्योग धोरण आणलं. निफाड तालुक्यातल्या विंचूरला आणि सांगली जिल्ह्यात पलूसला वाईन पार्क काढले, करात सवलत दिली. नाशिकला भराभर वायनरी उभ्या राहिल्या आणि शेतकऱ्यांनी भराभर बागा लावल्या. मग २००८ ची मंदी आली, त्याच वर्षी २६ नोव्हेंबरचा हल्ला झाला, हॉटेलं ओस पडली आणि वाईन टाक्यांतच राहिली. कित्येकांनी बागा उपटल्या. दादांच्या चुलत भावानेही. त्याची मोडलेली बाग निफाडने लहानपणी पाहिलेली आहे: बांधावर रचून ठेवलेली खोडं, आणि ती पुढे दोन वर्षं चुलीत जळत होती.

"दादाची पण तशीच जळतील," ती म्हणाली आणि पांघरूण डोक्यावर ओढून झोपली. मला झोप लागली नाही.

सकाळी मेसचे पोहे आम्ही सोडले. हे पोहे सोडायला धैर्य लागत नाही. अंधेरी स्टेशनजवळ उभ्या उभ्या वडापाव खाल्ला, वीस रुपयांचा, लाल चटणी मारून. गरम वडा, आत आलं-लसणाचा ठसका, बरोबर तळलेली मिरची. मी डोळे मिटून खात होते तेवढ्यात निफाड म्हणाली, "एका वड्यात बटाटा किती असंल?"

"म्हणजे?"

"पन्नास ग्रॅम धर. बटाटा शेतकऱ्याकडून वीसनं घेतला असं धर. म्हणजे एक रुपया. वीसातला एक."

"निफाड, खा ना गं."

"पाच टक्के," ती म्हणाली आणि मिरची चावली. त्या दिवशी दिवसभर हे असंच चालणार होतं.

पहिलं वाईन शॉप स्टेशनच्या पश्चिमेला, गल्लीच्या तोंडाशी. आता एक गंमत बघा. मुंबईत दारूच्या दुकानाच्या पाटीवर 'वाईन्स' लिहिलेलं असतं. अमुक वाईन्स, तमुक वाईन्स. आणि आत वाईन सोडून सगळं असतं! बिअरच्या पेट्या, क्वार्टरच्या रांगा, व्हिस्कीच्या जाहिराती. मी इतकी वर्षं त्या पाट्या वाचत होते आणि मला हे कधी खटकलं नव्हतं. निफाडला पहिल्याच सेकंदाला खटकलं.

समोर लोखंडी जाळी, जाळीत एक खिडकी. सकाळचे अकरा वाजलेले, तरी सात-आठ पुरुष उभे. आम्ही दोघी मागे जाऊन उभ्या राहिलो आणि एकदम जागा झाली. दोन-तीन जण बाजूला सरकले, बाकीचे बघायला लागले. सगळ्या अंगाला नजरा टोचतात म्हणजे काय ते मला तिथे कळलं. वाईट कोणी काही बोललं नाही. एक काका तर उलट जास्तच सभ्यपणे "जाऊ द्या, लेडीज आहेत" म्हणाले, जणू रेल्वेच्या तिकिटाची रांग आहे. मला आयुष्यात एवढं लाजायला झालं नव्हतं, आणि लाजण्यासारखं आम्ही काहीच केलेलं नव्हतं.

खिडकीतल्या माणसाने विचारलं, "काय पाहिजे?"

निफाड म्हणाली, "घ्यायचं नाही. बघायचं होतं."

"बघायचं? म्युझियम आहे का हे?" मग त्याने आमचे चेहरे नीट पाहिले. "एकवीस पूर्ण आहे? आधार दाखवा."

आम्ही दोघी वीसच्या. महाराष्ट्रात बिअर आणि वाईनला वयाची अट एकवीस, बाकीच्याला पंचवीस. शिवाय १९४९ चा दारूबंदी कायदा अजून आहेच, त्यामुळे कागदोपत्री प्रत्येक पिणाऱ्याकडे परवाना असायला हवा. (त्या रांगेतल्या किती जणांकडे होता हे मी विचारलं नाही.) आम्ही आधार न दाखवताच मागे फिरलो. पाठीमागे कोणीतरी हसलं. निफाड काही बोलली नाही, पण फर्स्ट इयरच्या मेसमधला तिचा चेहरा मला जसाच्या तसा परत दिसला. मग मीच म्हणाले, चल, दुसरीकडे बघू. मुंबईत काय एकच दुकान आहे?

मेट्रोत बसलो. ही अंधेरीवरून जाणारी वर्सोवा–घाटकोपर मेट्रो, मुंबईतली पहिली, जून २०१४ पासूनची. अकरा किलोमीटरच्या वर थोडी, स्टेशनं बारा. गाडीत एसी असतो म्हणून आमच्या हॉस्टेलवर उन्हाळ्यात अभ्यासालाही काही महाभाग जातात अशी अफवा आहे. आम्ही मरोळ नाक्याला उतरलो, कारण माझ्या वर्गातल्या एका मुलीची आजी तिथल्या गावठाणात राहते आणि तिने मला कित्येकदा जेवायला बोलावलं होतं. रजिस्टरमधल्या 'लोकल गार्डियन'ला एवढाच काय तो आधार.

मरोळला मेट्रोखाली रस्ता धडधडत असतो, आणि दोन गल्ल्या आत शिरलं की अचानक गाव लागतं. बैठी घरं, लाकडी गॅलरी, चौकात झेंडूचा हार घातलेला क्रूस. आजी फ्रॉकमध्ये, केस पांढरे, दारातच उभ्या. "ये गो, बस," म्हणाल्या. निफाड जागच्या जागी थांबली. फ्रॉकमधली आजी मराठी बोलते हे तिला पटेना. मी तिला हळूच सांगितलं की हे ईस्ट इंडियन लोक, मुंबई-साष्टीचे मूळचेच. कोळी, आगरी, कुणबी असलेली गावंच्या गावं पोर्तुगीजांच्या काळात ख्रिस्ती झाली, भाषा मराठीच राहिली. 'ईस्ट इंडियन' हे नाव त्यांनी १८८७ साली, व्हिक्टोरिया राणीच्या ज्युबिलीच्या वर्षी घेतलं. गोव्याहून-मंगळूरहून आलेल्या ख्रिस्ती लोकांपेक्षा आपण वेगळे, इथलेच, हे दाखवायला. एवढं मला माहीत होतं कारण शाळेत आमची क्लास टीचर ईस्ट इंडियन होती. कॉन्व्हेंटचा हा एक फायदा.

जेवायला फुगे होते आणि बॉटल मसाल्यातलं चिकन. फुगे म्हणजे आंबवलेल्या पिठाचे तळलेले गोळे, आत पोकळ. मेसच्या पुरीला जे व्हायचं असतं आणि कधी होत नाही, ते. मी अकरा खाल्ले. बॉटल मसाला म्हणजे ईस्ट इंडियन घराचा जीव. उन्हाळ्यात पावसाच्या आत वीसेक जिन्नस भाजून, कुटून वर्षाचा करून ठेवतात, आणि तो बिअरच्या गडद रंगाच्या बाटलीत ठासून भरतात, उजेड लागू नये म्हणून. त्यावरूनच नाव. आजींनी बाटली आणून दाखवली. निफाडने ती उलटीसुलटी करून बघितली आणि म्हणाली, "रिकाम्या बाटलीचा हा उपयोग चांगला हाय."

आणि मग तिने सरळ विचारलं, "आजी, तुम्ही वाईन करता का?"

मी फुग्यात गुदमरले. पण आजींना काहीच वाटलं नाही. मधल्या खोलीतून त्यांनी एक चिनी मातीची बरणी ओढून आणली. नाताळची संपलेली होती, बरणी धुऊन पालथी घालून ठेवलेली. कृती त्यांनी तोंडपाठ सांगितली: काळी द्राक्षं, तेवढीच साखर, उकळून गार केलेलं पाणी, थोडं यीस्ट, मूठभर गहू. एकवीस दिवस रोज लाकडी चमच्याने ढवळायचं, मग गाळायचं. निफाड एखाद्या एक्सटर्नलसारखी प्रश्न विचारत होती. द्राक्ष कोणतं? बाजारात मिळतं ते. धुता का? धुते गो, औषध असतं ना. साखर एवढी कशाला? निफाड म्हणाली, "खायच्या द्राक्षात गोडी कमी पडती, म्हणून तुम्हाला वरून घालावी लागती. आमच्या मालाला साखर लागत नाही."

'आमच्या मालाला.' दोन वर्षांत पहिल्यांदा मी तिच्या तोंडून हे असं, मान वर करून ऐकलं.

आजींनी विचारलं, "तुझा पप्पा देल काय मला दहा किलो?" तिने सांगितलं, करारात बाहेर विकता येत नाही. आजी म्हणाल्या, मग कसला गो तुमचा माल. यावर आम्ही तिघीही थोडा वेळ गप्प बसलो.

तीन वाजता घाटकोपर. मेट्रोतून चार स्टेशनं, बाहेर आलं की गर्दी अंगावर येते. इथलं दुसरं दुकान मोठं होतं, काचेचं दार, आत जाता येत होतं. दुपारची वेळ, गिऱ्हाईक नाही. गल्ल्यावर एक वयस्कर काका पेपर वाचत होते. या वेळी मी पुढे झाले. फाडफाड इंग्लिश मारावं असा विचार होता, कारण कॉन्व्हेंटच्या इंग्लिशला मुंबईत दारं उघडतात हा माझा अनुभव. पण तोंडातून मराठीच निघालं. "काका, आम्हाला काही विकत घ्यायचं नाही, आमचं वय पण बसत नाही. हिच्या वडिलांची नाशिकला वाईनची बाग आहे. त्यांच्या मालाची बाटली कशी दिसते ते फक्त बघायचंय."

काकांनी पेपर खाली ठेवला. कंपनीचं नाव विचारलं. उठले, मागच्या बाजूला सगळ्यात खालच्या फळीपाशी वाकले आणि एक बाटली काढली. तिच्यावर धूळ होती. ती त्यांनी फडक्याने पुसली आणि गल्ल्यावर, पेपरच्या वर ठेवली.

"तीस वर्षं विकतोय," ते म्हणाले. "बागवाला कधी दुकानात आला नव्हता."

निफाडने बाटलीला लगेच हात लावला नाही. आधी बघत राहिली. फिकट पिवळसर, लांब मान, लेबलावर डोंगराची रेघ. मग तिने बोटाने लेबलावर वरून खाली रेघ ओढली आणि मला म्हणाली, "मागं काय लिहिलंय ते वाच ना. बारीक इंग्लिश हाय."

मी वाचून मराठीत सांगायला लागले. सुगंध पेरूचा, लिचीचा, मधाचा...

"लिची कुठंय आमच्याकडं?"

"...आणि ताज्या कापलेल्या गवताचा."

"गवत?" निफाड म्हणाली. "निंदायला बाया लावतो आम्ही! चारशे रुपये रोज देऊन. तरी गवत आलंच का त्याच्यात?"

काका इतके हसले की त्यांना ठसका लागला. आम्हीही हसलो. बऱ्याच दिवसांनी पोटभर. मग तिने बाटली फिरवून किंमत बघितली. आठशे नव्वद रुपये.

हसणं तिथेच थांबलं.

काकांनी मग बरंच सांगितलं. वाईन त्यांच्याकडे जाते ती थर्टी फर्स्टला आणि व्हॅलेंटाईनच्या आसपास. बाकी वर्षभर खालच्या फळीवर. जानेवारी २०२२ मध्ये सरकारने मोठ्या सुपरमार्केटमध्ये वाईन विकायला परवानगी द्यायचं ठरवलं होतं, तेव्हा त्यांना वाटलं होतं आता आपल्याकडून उरलीसुरलीही जाणार. पण विरोध झाला, हरकती मागवल्या, आणि ते प्रत्यक्षात आलंच नाही. "तुमच्या पप्पांना तेव्हा आनंद झाला असेल," ते म्हणाले. निफाड म्हणाली, "दादांना झाला होता. आजोबांना नाही." तिने बाटलीचे दोन फोटो काढले, पुढून आणि मागून. काकांनी बाटली परत खालच्या फळीवर ठेवली. पण या वेळी लेबल समोर करून.

संध्याकाळी घाटकोपर पूर्वेच्या खाऊगल्लीत गेलो. वल्लभबाग लेन. तव्यांचा आवाज, बटरचा धूर, आणि डोशाचे एवढे प्रकार की दक्षिणेतल्या माणसाने कान पकडावे: जिनी डोसा, चीज डोसा, पनीर चिली, चॉकलेटसुद्धा. आम्ही एक जिनी डोसा दोघींत घेतला आणि मी बॅगेतून पेन काढलं. टिश्यू पेपरवर हिशेब सुरू झाला.

एका बाटलीत ७५० मिली. एक टन द्राक्षातून साधारण सहाशे ते साडेसहाशे लिटर वाईन निघते. म्हणजे बाटलीला जवळजवळ सव्वा किलो. सव्वा गुणिले चाळीस, पन्नास रुपये. आठशे नव्वदमधले पन्नास.

"साडेपाच टक्के," मी म्हणाले.

"वडापावएवढेच," निफाड म्हणाली.

मग आम्ही उरलेले आठशे चाळीस शोधायला लागलो. काच, झाकण, लेबल. स्टीलच्या टाक्या. रस आंबताना उष्णता बाहेर पडते आणि पांढऱ्या वाईनला तर थंडच ठेवावं लागतं, त्यामुळे टाकीभोवती कूलिंग. इथे निफाडचं हीट ट्रान्सफर कामाला आलं, तिने टाकीचं चित्रही काढलं. वीजबिल, पगार, गाडीभाडं, डिस्ट्रिब्युटर, कर, दुकानदाराचं कमिशन, आणि खालच्या फळीवर धूळ खात पडून राहण्याचा खर्च, जो आम्हाला कसा मोजायचा ते कळेना. इंजिनीअरिंग इकॉनॉमिक्सला आम्हाला दोघींनाही साठच्या वर मार्क आहेत. तरी सगळं धरून तीन-साडेतीनशे रुपये आम्हाला सापडेनात. कदाचित कंपनी खोटं बोलत असेल. कदाचित आम्हालाच काही माहीत नसेल. माझं म्हणणं पहिलं, निफाडचं दुसरं. ती म्हणाली, कंपनी बुडली तर छत्तीस पण कोण देतो? चुलत्याला शेवटच्या वर्षाचे पैसे मिळालेच नव्हते.

तिने तिथूनच फोन लावला, स्पीकरवर. मागे तवा खडखडत होता.

"दादा, आठशे नव्वद."

पलीकडे बराच वेळ काही आवाज नाही. मग, "पेटी का?"

"नाही दादा. एक बाटली."

"आं?"

"एक. बाटलीत सव्वा किलो बसतो."

परत शांतता. मला वाटलं, आता ते चिडतील, कंपनीला शिव्या देतील. मी असते तर दिल्या असत्या. ते म्हणाले, "मग चार रुपयांसाठी कशाला रडू राहिले ते?" आणि लगेच, "फोटो काढला का? पाठव. बाबाला दाखवतो."

बाबा म्हणजे माळकरी आजोबा. निफाडने डोळे मोठे करून माझ्याकडे बघितलं. फोटो गेला. दोन निळ्या टिका आल्या. फोन चालूच होता, पलीकडे चष्मा शोधण्याची गडबड ऐकू येत होती. मग आजोबांचा आवाज आला, खणखणीत. "मागं बारीक काय लिहिलंय गं?"

निफाडने फोन माझ्यापुढे धरला. मी पेरू-लिची गाळलं. खालचा इशारा वाचून मराठीत सांगितला: मद्यपान आरोग्यास हानिकारक आहे.

"हे बरं लिहिलंय," आजोबा म्हणाले. "अन् त्याच्या खाली?"

त्याच्या खाली बनवणाऱ्याचा पत्ता होता. कंपनीचं नाव, गट नंबर, आणि शेवटी तालुका निफाड, जिल्हा नाशिक. मी तेवढं वाचलं.

"आपलं नाव नाही?"

"नाही बाबा," निफाड म्हणाली. "तालुक्याचं आहे."

"बरं," आजोबा म्हणाले. "जेवल्या का पोरी?"

आम्ही परतीची मेट्रो पकडली. डब्यात उभं राहायलाही जागा नव्हती. मरोळच्या आसपास, कोणाच्या तरी बॅगेखाली दबून, मी तिला म्हणाले, "फर्स्ट इयरला मेसमध्ये मी जे बोलले होते ना..." ती म्हणाली, "माहितीय. उतरायचंय, दाराकडं सरक."

दादांनी पुढच्या आठवड्यात तो टिश्यू पेपरचा हिशेब, मी इंग्लिशमध्ये नीट टाईप करून दिलेला, कंपनीच्या ऑफिसात नेला. तिथल्या साहेबांनी तो वाचला आणि विचारलं, हा कोणी करून दिला? दर शेवटी एकेचाळीस ठरला. चव्वेचाळीस नाही. तीनपैकी दोन एकर वाईनची बाग ठेवली, तिसऱ्या एकरावर एप्रिलमध्ये थॉम्पसनचं कलम मारलं. म्हणजे पुढच्या वर्षी पेटी येणार आहे, आणि लातूर-रत्नागिरीचं आत्ताच त्यावरून भांडण सुरू झालंय.

त्या रात्री हॉस्टेलच्या गेटवर आम्हाला बारा मिनिटं उशीर झाला होता. वॉचमनकाकांनी रजिस्टर पुढे केलं. 'उशिराचे कारण' या रकान्यात निफाडने, माझ्या हातातलं पेन घेऊन, स्वच्छ अक्षरात लिहिलं: 'घरचं काम.'